ठोकळ्याची रेघ

सोम. ३ फेब्रु.
अंबडच्या कारखान्याच्या सेफ्टी स्लाइड्स आल्या. कामगारांना मोबाइलवर बघता येईल असा कोर्स करून द्यायचाय. चित्रं सुरेख. कुणीतरी जीव लावून एकेक रेघ ओढलीय. पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये हात घालायच्या आधी मशीनच्या वरच्या भागाखाली लोखंडी ठोकळा उभा करायचा, म्हणजे तो भाग चुकून खाली आला तरी ठोकळ्यावर अडकतो आणि हात वाचतो. हे सगळं एका चित्रात, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं.
पण मजकूर जुन्या मराठी फॉन्टमधला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला की अक्षरांचं नुसतं कडबोळं. त्यावर ऑफिसचा ठरलेला उपाय, स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून चिकटवायचा. आमचे बॉस देवरेसर म्हणतात, "फोटो मार आणि मोकळी हो."

मंगळ. ४
मारले फोटो. लॅपटॉपवर बरे दिसतात, मोबाइलवर पार धुकं. ठोकळा आणि मशीनचा खांब मिळून एकच करडा पट्टा. सरांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अगं, दिसतंय की! प्रेस आहे, हात आहे, अजून काय पाहिजे?"
म्हटलं, अक्षरं नव्याने टाइप करते, चित्राचा फोटो न काढता मूळ रेघाच उचलून नेते. मग कितीही मोठं करा, फाटत नाही. फक्त थोडा वेळ द्या.
"परवा द्यायचंय." विषय संपला. मी चहा तसाच टाकून उठले. डोकं फिरलं होतं.

गुरु. ६
कोर्स गेला, धुक्यासकट. घरी आल्यावर हट्टाने ते एक चित्र तरी नीट केलं. काय धार आली! सरांना पाठवलं. उत्तर : "छान. पुढच्या अपडेटला घेऊ." आमच्याकडे पुढचा अपडेट म्हणजे काय, ते इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसचा वॉचमनही सांगेल : कधीच नाही.

गुरु. २७
कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर गायधनीसाहेब, त्यांचा सरांना फोन. प्रेसवर अपघात. रामदास नावाचा माणूस, सुरगाण्याकडचा, नुकताच लागलेला. आमचा कोर्स करूनच मशीनवर उभा राहिला. उजव्या हाताची बोटं गेली. ठोकळा लावलाच नव्हता म्हणे.
लावलाच नव्हता.
डबा तसाच परत आणला.

शनि. १ मार्च
हॉस्पिटलला गेले. सरांना न सांगता. द्वारका चौकात रिक्षा अडकली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. नाही उतरले.
'ट्रेनिंगवाली' एवढंच सांगितलं. तर तो त्या बँडेजसकट उठून बसायला लागला. मान द्यायला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"मॅडम, मी दोनदा पाह्यलं मोबाइलवर. हात आत घालतेत येवढं कळलं. त्याच्यात ठोकळा व्हता का?"
"होता," म्हटलं. खोटं नाही बोलले. होताच.
पायाशी बायको बसली होती. ती त्याच्यावरच उखडली, "मग तुमालाच कसा नाय दिसला?" तोंड उघडायला काय झालं होतं मला?

सोम. ३
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं तेव्हाच कळलं.
"तुझं ते चांगलं चित्र आहे ना? टाक जुन्याच्या जागी. फाइलचं नाव तेच ठेव. जुनं उडव."
"सर, म्हणजे रामदासने हेच पाहिलं होतं असं होईल."
"आणि उद्या नवी बॅच बसतेय, त्यांना धुरकट दाखवू? तूच भांडत होतीस ना?"
या माणसाला बरोबर माहीत आहे मला कुठे पकडायचं.

मंगळ. ४
टाकलं. नव्या बॅचपुढे ते धुकं ठेवणं जमलंच नसतं. जुनं उडवायच्या आधी पेन ड्राइव्हवर घेतलं. का घेतलं, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.
मोबाइलवर उघडून पाहिलं. काळीभोर रेघ, ठोकळा सुटा उभा. लहान पोरही बोट ठेवेल. बाथरूममध्ये जाऊन रडले.

बुध. ५
गायधनीसाहेब ऑफिसात. माणूस वाईट नाही, सारखा कपाळ चोळत होता. चित्र पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "आरशासारखं स्वच्छ आहे हो. एवढं दाखवूनही ठोकळा लावला नाही, म्हणजे त्याचीच बेपर्वाई. कामावरून काढतील त्याला." मग बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. रामदासने पाहिलेलं चित्र हेच, असं त्यात. खाली माझी सही हवी. कोर्स मी तयार केला ना.
सरांनी स्वतःचं पेन पुढे सरकवलं.
म्हटलं, घरी वाचून उद्या देते.
"चार ओळी तर आहेत," सर म्हणाले. हसत. साहेब गेल्यावर हसू गेलं. "अश्विनी, हे काम गेलं तर ऑफिस बंद करावं लागेल. सगळ्यांची घरं चालतात यावर. विचार कर."
केला. अजून करतेय. कागद समोर, पेन ड्राइव्ह पर्समध्ये. सकाळी साहेब परत येणार.
आत्ता जुनं चित्र मोबाइलवर घेऊन पाहिलं. ठोकळा कुठे आहे ते मला पाठ आहे. तरी शोधावा लागला.