तात्यांचा चहा

मंगळवार, संध्याकाळ. भोर स्टँड.

आज परत पुढची तारीख. खतासाठी दादाची मेंढरं शिवऱ्याच्या तात्यांच्या रानात बसवली, त्याचे पैसे वर्षभर अडकलेत. कोर्टात तात्या सरळ म्हणाले, "ह्यांची मेंढरं माज्या रानात आलीच न्हाईत." वकील मला कागद मागतो. मेंढरं बसवायला कोण कागद करतं?

बाहेर आल्यावर त्याच तात्यांनी मला चहा पाजला. "दमलास रं. गेल्या साली बसवलीत तशीच औंदा बसवा. कांदा लई झाला बघ."

चहा चांगला होता, आलं घातलेला. समोर महाडची गाडी लागलीये, बसून कुठंतरी निघून जावं...

आणि मी येडा काय म्हणालो? "दादाला इचारतो, तात्या."

घरी दादा वाट बघत असेल. त्याला तारीख सांगेन. चहाचं नाही सांगणार.