वर जाताना सुलट, खाली येताना उलट

मी, एका जुन्या सातमजली कचेरीत आयुष्यभर लिफ्ट चालवून निवृत्त झालेला आणि फावल्या वेळात, म्हणजे लिफ्ट चालवतानाच, लोकरीचे विणकाम करणारा इसम, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. सौ.चे याबाबत मत वेगळे आहे, पण ते लग्नापासूनच वेगळे आहे, म्हणून येथे ग्राह्य धरू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. नशापाणी केलेले नाही. सकाळपासून फक्त चहा झाला आहे, तोही बिनसाखरेचा.

लिहिण्याचे कारण असे की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, काळजीचं काही कारण नाही," आणि लगेच विचारले, "घरी कोण कोण असतं?" लिफ्टमध्ये जन्म गेल्यामुळे माणसाला कुठे जायचे आहे हे मला चेहऱ्यावरून कळते. डॉक्टरांचा चेहरा मला आवडला नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर आणखी एक करायची वेळ आली तर आनंदच आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक धड न लागणारी व धड न उघडणारी खिडकी, माझ्या पश्चात सर्वस्वी सौ.चे. त्यात कोणी वाटा मागू नये. मागितला तर आधी तिच्याशी गाठ आहे, कायद्याशी नंतर.

येथे नमूद करणे भाग आहे की सौ.ने माझ्या हातचे लोकरीचे काहीही आजतागायत अंगाला लावलेले नाही. विणकाम मला तिच्या आईने शिकवले. सासूबाई खरे म्हणजे लेकीला शिकवायला बसल्या होत्या. लेकीने तिसऱ्याच ओळीला सुया पलंगाखाली भिरकावल्या. त्या काढायला मी वाकलो, तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हातात आल्याच आहेत तर बसा." बसलो तो बसलोच. मात्र उसवण्यात सौ.चा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. माझे फसलेले प्रत्येक काम तिने पाय पसरून उसवले, लोकरीचा गुंडा करून परत माझ्या मांडीवर टाकला आणि कधीही "सांगितलं होतं ना" असे म्हणाली नाही. म्हणजे, स्वेटरच्या बाबतीत म्हणाली नाही.

हे वाचून ती म्हणते, "लिहा, लिहा. आणि पंख्याचं काय ते पण लिहा." स्वयंपाकघरातला पंखा आवाज करतो. मी तो दुरुस्त करणार होतो. तो आहे त्या अवस्थेत तिलाच.

कलम दोन. विणायच्या सुयांचा पत्र्याचा डबा मुलीला द्यावा. त्यात सासूबाईंच्या लाकडी सुया आहेत आणि सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून मी केलेल्या काही आहेत.

लिफ्टमध्ये विणण्याची माझी पद्धत ठरलेली होती. तळमजल्यावरून वर जाताना एक ओळ सुलट, वरून खाली येताना एक ओळ उलट. जाळीचे दार ओढले, बटण दाबले, की स्टुलावर बसून सुया सुरू. लिफ्ट म्हातारी होती, सावकाश चालायची, ओळ निवांत पुरी व्हायची. पुढची ओळ कोणती हे मला कधी डोक्यात ठेवावे लागले नाही. दोष एवढाच, की ज्या दिवशी वरच्या मजल्यावर साहेबांच्या बैठका असत त्या दिवशी वर्दळ वाढे आणि त्याबरोबर बाहीही वाढे. मुलीच्या शाळेच्या स्वेटरची डावी बाही अशी कंपनीच्या वार्षिक सभेत सापडली. उजवी सुट्यांच्या आठवड्यात विणली गेली. तो स्वेटर होता तोवर पोरगी डावी बाही दुमडून शाळेत गेली.

निवृत्त झाल्यावर घरच्या खुर्चीत बसून विणू लागलो, तर उलट काय नि सुलट काय, काहीच कळेना. खुर्ची ना वर जाते ना खाली. पहिला मफलर भलताच निघाला. सौ. वैतागून म्हणाली, "मग जिन्यात जाऊन विणा." मी खरेच गेलो. एक जिना चढायचा, बसून सुलट ओळ काढायची, मग जिना उतरायचा, बसून उलट. काम सुरेख होऊ लागले. पुढे पुढे धाप लागू लागली म्हणून दवाखान्यात गेलो, आणि त्यातून ही झडप सापडली. विणकामाने मला काय दिले असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

मुलीला सुया देतो याचे कारण ती विणते हे नाही. ती विणत नाही. पण लग्नानंतर मी पाठवलेला पांढरा स्वेटर तिने गरम पाण्यात धुतला आणि त्याच संध्याकाळी फोन केला.

"बाबा, स्वेटर आटला."

"केवढा झाला?"

"तुमच्या पंजाएवढा. आणि खरं सांगू का, आधीही टोचतच होता."

विणणाऱ्याला असे तोंडावर सांगायला छाती लागते. बाकीचे लोक "अय्या, किती छान!" म्हणतात आणि स्वेटर कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो. तिथून तो फक्त मी येणार असलो की खाली उतरतो. मुलीने सुया कुंडीतल्या रोपांना आधार म्हणून वापरल्या तरी माझी हरकत नाही. फक्त कोणाला देऊन टाकू नयेत.

कलम तीन. बँकेत जे काही असेल ते सौ. आणि मुलगी यांनी आपसात वाटून घ्यावे. आकडा लिहीत नाही. लिहून लाजायचे कशाला?

कलम चार. मी विणलेल्या परंतु कोणीही न नेलेल्या सर्व कानटोप्या जावईबापूंना द्याव्यात. भरपूर आहेत. जावईबापू दर वेळी माझी टोपी घालूनच आमच्या दारात उभे राहतात, याचे मला कौतुक आहे. पण भर उन्हाळ्यात? आणि टोपीवर घडीच्या रेघा तशाच? दारातून आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आत येतो, मागून जावई. माणूस गुणी आहे, मुलीला जपतो, फक्त खोटे वागण्यात कच्चा आहे. टोप्या नाकारण्याचा अधिकार त्यांना राहणार नाही.

कलम पाच. माझे थोरले बंधू, शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर, ज्यांना सगळी गल्ली दादा म्हणते, त्यांना माझ्या मालमत्तेतले काहीही देऊ नये, असे मी कच्च्या कागदावर लिहिले होते. त्याचे कारण पुढीलप्रमाणे.

मी दादाला त्याच्या वाढदिवसाला एक स्वेटर विणून दिला. राखाडी, पुढे दोन वेण्या, उभी कॉलर. अख्खा हिवाळा त्यात गेला. वेणीची वीण म्हणजे टाके एकमेकांवरून उड्या मारतात, लक्ष जरा हलले की सगळे ओमफस. वेणी चालू असताना मी दोन मॅनेजरांना चुकीच्या मजल्यावर सोडले आहे. दादाने घरभर पाहुणे असताना पुडके उघडले, स्वेटर दोन बोटांत उचलून धरला आणि म्हणाला, "हे तू विणलंस? बांगड्या कधी भरतोस?" सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसून सांगतो कोणाला?

पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो, तर स्वेटर कुत्र्याच्या अंगात. घोड्याएवढे कुत्रे, पुढचे पाय बाह्यांत, वेण्या पोटाखाली. कुत्रे रुबाबदार दिसत होते हे मला मान्य आहे. मी म्हणालो, "दादा, तुझ्यापेक्षा यालाच शोभतोय." तो म्हणाला, "मग नशीब समज, कोणीतरी घातला." त्या दिवसापासून बोलणे बंद. वीस वर्षे होत आली. कुत्रे जाऊन जमाना झाला, अबोला मात्र टुणटुणीत आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि आम्ही दोघेही एकाच सुंभाचे.

असे असूनही माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक निळा स्वेटर आहे. दादाच्या मापाचा. माप आठवणीतले. तो मी गेल्या वर्षी जिन्यात बसून विणला. का विणला असे सौ.ने विचारले तेव्हा लोकर उरली होती असे सांगितले. लोकर उरली नव्हती. मी मुद्दाम जाऊन आणली होती. दादाची मला आठवण येते. तो दोनच गल्ल्या पलीकडे राहतो, तरी येते.

हा स्वेटर मी गेल्यावर दादाला द्यावा. जिवंतपणी मी देणार नाही. दिला आणि तो पुन्हा काही बोलला, तर ते मला सोसणार नाही, नव्या झडपेलाही सोसणार नाही. मेलेल्या माणसाला भेट परत करता येत नाही, एवढीच यात माझी सोय आहे.

कलम सहा. मला निरोप देताना कोणी प्रेमाने माझ्या अंगावर माझाच एखादा स्वेटर घालू नये. लोकर मलाही टोचते.

कलम सात, साक्षीदारांबाबत. हा कागद वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई तपासून देत आहेत. त्या म्हणतात, दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. पहिले साक्षीदार, तळमजल्यावरचे चष्मेवाले, येऊन बसले आहेत. दुसरे यायचे होते ते शेजारचे पेन्शनर सकाळीच पाय मुरगळून पडले. सौ. "बघते मी" म्हणून आत गेली आणि फोन करून आली.

येथे लिहिणे थांबले होते. पुढचा मजकूर बऱ्याच वेळाने लिहीत आहे. अक्षर हलले असेल तर तो झडपेचा दोष नाही.

दारात दादा उभा होता. सौ.ने त्याला साक्षीदार म्हणून बोलावले होते, मला न विचारता. मी तिच्याकडे पाहिले, तर म्हणाली, "सगळ्यांत जवळ तेच राहतात. आणखी कोणाला शोधत बसू?"

"कुठं करायची सही?" दादाने विचारले, माझ्याकडे नाही, चष्मेवाल्यांकडे बघून.

वकीलबाई म्हणाल्या, "इथे, काका. मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही."

"शाळेच्या सहलीच्या कागदावरसुद्धा मी न वाचता सही केली नाही," दादा म्हणाला आणि खुर्ची ओढून वाचायला बसला. मी कागद ओढून घ्यायला हवा होता. हात पुढे झाला नाही. तो एकेक कलम बोट ठेवून वाचत गेला, टोप्यांपाशी हसला, आणि पाचव्याला थांबला. मी भिंतीकडे बघत राहिलो. पान उलटायला त्याला फार वेळ लागला. मग चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"नंबर वाढला असेल," चष्मेवाले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," सौ. म्हणाली.

दादाने पेनाचे टोपण लावले. "मी सही करणार नाही."

वकीलबाईंनी विचारले, "का हो काका? काही चुकलंय का मजकुरात?"

"साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही, असं सातव्या कलमात लिहिलंय ना?"

"हो. मिळणार असेल तर उद्या कोणी हरकत घेऊ शकतं."

"मग मला साक्षीदार व्हायचं नाही. मला स्वेटर हवाय." आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे वळून बोलला. "आणि तू मरायची वाट बघत बसणार नाही मी. आत्ता काढ."

सौ.ने तो आधीच आणून टेबलावर ठेवला होता. दादाने शर्टावरूनच डोके आत घातले, बराच वेळ आतल्या आत झटापट केली आणि बाहेर आला.

माप साफ चुकले होते. मी कवायतीच्या मास्तरांची छाती धरून विणले होते, आणि समोर एक वाळलेला म्हातारा उभा होता. खांदे कोपराकडे घसरलेले, बाह्यांतून बोटेसुद्धा दिसेनात. आठवणीतले माप घेणाऱ्याने माणसाला अधूनमधून भेटायला हवे, एवढे मी यातून शिकलो.

"ढगळ झालाय रे," तो म्हणाला.

"तू आटलास."

"आणि टोचतोय."

"टोचणारच. लोकर आहे ती."

तो खुर्चीत बसला. बाहीतून हात शोधत म्हणाला, "शाळेतली पोरं हसतील म्हणून घाबरलो होतो तेव्हा. पोरांच्या लक्षातही नसेल आता."

"माझ्या होतं."

"माहीत आहे," दादा म्हणाला.

येथे मला रडू आले हे नमूद करतो. पूर्ण शुद्धीत असताना आले, कोणाच्याही दबावाखाली नव्हे.

नाक पुसून मी म्हणालो, "काढ तो. सोमवारच्या आत मापात करून देतो."

"काढत नाही."

"अरे, बाह्या बघ कुठं लोंबतायत!"

"लोंबू देत. दवाखान्यातून आलास की बघू मापाचं. तोवर मी हा असाच घालून हिंडणार. कोणी विचारलं तर सांगेन, माझ्या भावाने विणलाय, अजून पुरा व्हायचाय."

सबब कलम पाच रद्द समजावे. त्यातील वस्तू हयातीतच दिली गेली असून ती परत घेण्याचे माझे प्रयत्न निष्फळ ठरले आहेत. बाकी सर्व कलमे कायम. त्यांची अंमलबजावणी करण्याची कोणी घाई करू नये, कारण माझ्याकडे काम आले आहे.

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार, दुपार.

लिहून देणार: लिफ्टमन (सही)

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे चष्मेवाले (सही)

साक्षीदार दुसरे: गॅसचा सिलिंडर घेऊन आलेले आणि सौ.ने जाऊ न दिलेले गृहस्थ (सही)

हजर होते, सही केली नाही: दादा.