गाणं जिथं सोडलं तिथून

दादा, गाणं मध्येच सोडून तुम्ही पुन्हा नेमक्या त्याच शब्दापुढून कसं उचलायचात, हे तुम्हाला विचारायचं राहून गेलं. तुम्ही होतात तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. जयंतीचा कार्यक्रम असो की कुणाच्या घरचं नामकरण, तुमची गायन पार्टी बसली, पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे आम्ही कोरसवाले, आणि गाणं रंगात आलं की समोरून कोणीतरी नोट घेऊन उठायचं. तुम्ही हात वर करायचात. गाणं जिथं असेल तिथं उभं राहायचं, अर्ध्या ओळीत का असेना. ढोलकी खालच्या हाताने नुसता ठेका धरून ठेवायची. तुम्ही नोट कपाळाला लावायचात, देणाऱ्याचं नाव, गाव, कधी त्याच्या पोराचं नाव, असं सगळं ऐटीत पुकारायचात, "पार्टी आभारी आहे" म्हणायचात, आणि मग क्षणभर समोर बघून पुढचा शब्द उचलायचात. मागची ओळ पुन्हा घेणं नाही, चाचपडणं नाही. लोक त्याच्यावरच फिदा होते. मंगरूळपीरच्या उरुसात कव्वालीचे मातब्बर लोकसुद्धा म्हणायचे की हा माणूस धागा तोडतो पण गाठ दिसू देत नाही.

घरात बाबा म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीतले, ज्यांच्या जयंतीला तुम्ही गायचात ते, म्हणून आम्ही पोरं वडिलांना, तुम्हाला, दादा म्हणायचो. हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, तुम्हाला नाही. तुम्ही मला पहिल्यांदा पुढे बसवलं तो किन्हीराजाचा कार्यक्रम आठवतो. माझ्या ओळीत एक म्हातारे नोट घेऊन आले, तुम्ही नाव पुकारलं आणि मला खूण केली. मी आपली ओळ पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्या दिवशी माय भाकरी थापत होती, मी तव्याशेजारी बसले होते, तुम्ही डेपोतून ड्यूटी करून आलात, हाताचं ग्रीस राखेने घासत घासत म्हणालात, "मांगं काहून जातं वं तू? ते लोकायनं आयकलं. पुढचं दे त्यायले." मी म्हटलं, पुढचं आठवलं नाही तर? तुम्ही हात धुवायला मोरीत गेलात. माय तव्यावरची भाकरी उलटताना गालात हसली, तिला काही ठाऊक होतं की काय कोण जाणे. तिला तरी मी विचारायला हवं होतं.

आता इकडचं सांगते. मी गाते. पार्टी नाही, त्याला आता बँड म्हणतात. तुमच्या ढोलकीवाल्या काकांचा मुलगा माझ्याबरोबर आहे, तो ढोलकी वाजवतो आणि ड्रमसुद्धा. तिसरा आहे तो गिटारवाला, वाशीमच्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो आणि शिकवता शिकवता टेबलावर ताल धरतो म्हणून पालकांची बोलणी खातो. आम्ही आमची गाणी मोबाइलवर टाकतो. ऐकणारे वाढत गेले, आणि त्यांनीच लकडा लावला की अल्बम काढा. कंपनी कुठून आणायची? आम्ही जसं आहे तसं सांगितलं, आमच्याकडे गाणी आहेत, स्टुडिओचं भाडं नाही. तर लोकांनी ते भरलं, दादा. पुण्याच्या ऑफिसांतली पोरं, आखातात गेलेला एक वेल्डर, किन्हीराजाच्या विहारातलं महिला मंडळ. मी कौतुकाने बघत राहिले. तुमच्या नोटा आणि ह्या मोबाइलच्या नोटा यांत फरक काय, असं मी ढोलकीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ह्याच्यात मधात कोणी उठून येत नाई, तेवढाच." त्या वेळी आम्ही दोघं हसलो.

लोकांनी एकच अट घातली होती. तुमचं ते गाणं अल्बममध्ये पाहिजे, रात्रशाळेत जाणाऱ्या मायचं. तुमच्या आवाजात ते कुठेच नाही. एक कॅसेट होती, ती टेपमध्ये गुंतून गेली. कुठे लिहिलेलंही नाही, कारण तुम्ही गाणी डोक्यात बांधायचात. ते सबंध ज्याला येतं असा माणूस म्हणाल तर मी, आणि मलाही ते येतं असं मी समजत होते. म्हणजे हे गाणं आता राहिलं तर राहिलंच. जबाबदारी म्हणून नव्हे, मला भीतीच वाटत होती.

स्टुडिओ वाशीममध्येच आहे, कूलर दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. खाली पत्रा ठोकायला लागले की वर सगळं थांबतं. एक लहान खोली माइकची, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. कोपऱ्यात गोधडीचा पडदा लावून त्यामागे ढोलकी बसवतात, नाहीतर तिचा आवाज सगळ्या माइकांत शिरतो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, आणि गिटारवालाही तिथेच त्याच्याजवळ बसून वाजवतो. कानाला हेडफोन, त्यात घड्याळासारखी एक टकटक चालू असते, सगळ्यांनी तिच्या तालात राहायचं. बाकीची गाणी आम्ही भराभर केली. तुमचं गाणं आलं आणि मी तिसऱ्या अंतऱ्यात पडले. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. "राखेवर बोटानं लिहिते माय" इथपर्यंत यायचं आणि पुढे पाटी कोरी. एकटीने घरी गुणगुणताना यायचं. दादा, मला ह्याची गंमतही वाटत होती आणि घामही फुटत होता. मग लक्षात आलं की मी हे गाणं सलग कधी ऐकलेलंच नाही. तिसऱ्या अंतऱ्यात कोणी ना कोणी उठायचंच, कारण तिथे बायांच्या डोळ्याला पदर लागायचा. माझ्या डोक्यात ते गाणं खंडांसकट बसलेलं होतं, आणि इथे तर मध्ये थांबायला कोणी कारणच देत नव्हतं.

रेकॉर्डिस्ट समंजस माणूस. तो म्हणाला, ताई, तुकड्यातुकड्याने गा, मी जोडतो, हल्ली सगळे तसंच करतात. आम्ही तसं केलं; अडलेला तुकडा मी घरून गुणगुणत आले आणि लगेच गायले. त्याने जोडलं, ऐकवलं. कुठे चूक नव्हती. गिटारवाला म्हणाला, चांगलं आहे की. ढोलकीवाला नुसता नखाने ढोलकीची वादी कुरतडत बसला. मला ते शाळेत तपासणीला साहेब आल्यावर पोरं कविता म्हणतात तसं वाटत होतं. हे नको, मी म्हटलं. मग वाद झाला. गिटारवाल्याचं म्हणणं सरळ होतं, जे झालंय ते ठेवा, नाहीतर गाणं वगळा आणि लोकांना तसं सांगा, स्टुडिओ आपल्याला रविवारपर्यंतच आहे. त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, रविवारी दुकान बंद असतं, शेवटचं एकदा सबंध घेते. नाही जमलं तर वगळू.

रविवारी मी कानातली टकटक बंद करायला लावली. डोळे मिटले, सुरू केलं. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला, तिसरा चढला, "राखेवर बोटानं लिहिते माय", आणि खोलीचं दार उघडलं. रेकॉर्डिस्ट काचेमागून दोन्ही हात हलवत होता, ते मला नंतर कळलं. माझ्यासमोर, काचेकडे पाठ करून, एक म्हातारी बाई उभी, पांढरं लुगडं, काखेत पिशवी, आणि हात पुढे केलेला. हातात घडी घातलेली नोट. आणि दादा, काय झालं ते मला सांगता येत नाही, माझा हात आपोआप वर गेला. गाणं थांबलं. पडद्यामागे ढोलकीने लगेच खालच्या हाताचा ठेका धरला. त्याला कोणी शिकवलं होतं? तो तर तुमच्या कार्यक्रमांत मांडीवर झोपलेला असायचा. मी नोट घेतली, कपाळाला लावली, वाकून त्यांना नाव विचारलं, आणि केनवडच्या अमुकबाई तमुक यांच्याकडून पार्टीला भेट, पार्टी त्यांची आभारी आहे, असं अगदी तुमच्या चालीत माइकवर पुकारलं. नाव इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. आणि मग पुढचा शब्द उचलायचा, तर पुढे काही नाही. ठेका चाललाय, मी उभी. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. बाईचे ओठ मिटले, मग गोल झाले. आवाज मुळीच नाही. पुसते. "पुसते, पुन्हा लिहिते", आणि मी तिथून जी निघाले ती गाणं संपवूनच थांबले.

रेकॉर्डिस्ट आत आला तो रागातच. दारावर कागद लावला होता, आत रेकॉर्डिंग चालू आहे, मोठ्या अक्षरांत; मावशींना वाचता येत नाही का, असं त्याने मला विचारलं. मावशींना वाचता येत होतं. त्यांनी तो कागद वाचूनच दार ढकललं होतं. "चालू हाय मनूनच त आली," त्या त्याला शांतपणे म्हणाल्या. "बंद असतं त कायले आली असती?" नातू मोबाइलवरून पाठवून देतो म्हणत होता, पण मोबाइल काही नाव पुकारत नाही, म्हणून त्या सकाळच्या बसने केनवडहून निघून, विचारत विचारत जिना चढून आल्या होत्या. ढोलकीवाल्याने खाली जाऊन चहा सांगितला. मी त्यांना घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले, आणि दोघीच आहोत असं बघून विचारलं, मावशी, तुम्हाला तो शब्द कसा माहीत, आणि मी अडले हे तुम्हाला कसं कळलं?

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी अजब विचारलंय. "तुह्या बापाले कुठी याद राहे?" त्या म्हणाल्या. "नाव पुकारलं का गाणं इसरे. मंग आमच्याकडं पाहे. आमी ओठानं सांगो." मी म्हटलं, आमी म्हणजे? पुढे बसणाऱ्या सगळ्या बाया, त्या म्हणाल्या. केनवडला त्या स्वतः, दुसऱ्या गावी दुसऱ्या कोणी. पार्टीचा मान म्हणून कोणी आवाज करायचं नाही, कोणी बाहेर बोलायचंही नाही. मी विचारलं, कधी कोणी हसलं नाही दादांना? "हासाचं काय त्याच्यात, पोरी? आमालेबी त पुढचं आयकाचं राहे."

मला आधी वाईट वाटलं, दादा. खरंच वाटलं. सबंध लहानपण ज्या चमत्काराकडे मी मागून, तुमच्या पाठीकडून बघत होते, तो समोर बसलेल्या बायांच्या तोंडात होता. मी कोरसमध्ये मागे बसायची, मला ते दिसणार कसं? पण चहा येईपर्यंत वाईट वाटणं ओसरलं आणि एकामागून एक प्रश्नच सुचायला लागले. तुम्ही पहिल्यांदा कधी अडलात? कोणत्या गावी? पहिला शब्द कोणी सांगितला, आणि तो घेताना तुम्हाला लाज वाटली की हायसं वाटलं? नवं गाणं घेऊन गेलात की ते बायांना आधी ऐकवून ठेवायचात का? एकच गाणं एका गावात दोनदा का म्हणायचात, ते आता उलगडलं. आणि तुम्ही गेल्यावर केनवडला शोकसभेत त्या पुढच्या रांगेत बसलेल्या बाया एकमेकींशी काही न बोलता नुसत्या ओठ हलवत होत्या, ते मी प्रार्थना समजले होते. आता वाटतं, वेगळंही काही असेल.

त्या दिवशीचंच गाणं ठेवलं. दार उघडल्याचा आवाज आहे, नाव पुकारलेलं आहे, ठेका आहे. गिटारवाला आधी कुरकुरला, मग दोनदा ऐकून म्हणाला की आता हे असंच पाहिजे. रेकॉर्डिस्टने मावशींच्या कानाला हेडफोन लावला. त्या डोळे मिटून सगळं ऐकत होत्या. नाव आलं तेव्हा मान हलवली. संपल्यावर मला जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "नाव आलं वं. पण म्या सांगतलं ते याच्यात कुठी हाय?" ओठांना आवाज नसतो, माइकला ते कळत नाही, असं मी त्यांना समजावलं. "मंग लोकायले वाटन तुलेच याद होतं." मी म्हटलं, हो, तसं वाटेल. "वाटू दे," त्या म्हणाल्या, आणि परतीच्या बसची वेळ विचारू लागल्या.

अल्बमचं कव्हर आता छापायला जाईल. आत पैसे देणाऱ्या सगळ्यांची नावं आहेत. मावशींचं नाव मी तिथे घातलं नाही. ते गाणाऱ्यांत घातलं, तुमच्या गाण्याखाली, माझ्या नावाच्या शेजारी. काल ढोलकीवाल्याने ते वाचलं आणि विचारलं, त्यांचा आवाज कुठे आहे यात? मी म्हटलं, आहे, नीट ऐक. तो बिचारा कालपासून कानाला लावून बसलाय, पुन्हा पुन्हा तीच जागा ऐकतोय आणि मला फोन करून सांगतोय की सापडत नाही. त्याला खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. माझं सांगितलं तर तुमचंही सांगावं लागेल, आणि दादा, मला अजूनही वाटतं की निदान पार्टीतल्या माणसांना तरी तुम्हाला सगळं पाठ होतं असं वाटत राहावं.