तरोट्याची कॉफी

६ ऑक्टोबर १९३८, अमरावती
दादांना अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. हृदय कमजोर. संत्र्याच्या बगीच्यात जाणं बंद, कॉफी तर थेंबभरही नको. बगीचा त्यांनी मान्य केला. कॉफीवर म्हणाले, "मंग जगून करू काय?"
बडनेऱ्याला गाडी बदलताना फलाटावरच्या किटल्यांकडे पाहत होते. मी मध्ये उभी राहिले.

७ ऑक्टो.
सकाळचं ताट परत. रात्रीचंही. साठी उलटलेला थोरला भाऊ, रुसवा अजून पोराचा.
वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, तरोट्याच्या बिया भाजून देऊ का त्यायले? माह्या माहेरी तेच कॉफी म्हणून पेतात."
तरोटा म्हणजे बांधावरचं तण. मी नाही म्हटलं. जन्मभर शाळेत मुलींना खोटेपणाबद्दल उभं केलं, आता घरात हे?

९ ऑक्टो.
अन्नाला हात नाही. संध्याकाळी उठताना भोवळ आली. वहिनीला म्हटलं, भाज बिया.

१० ऑक्टो.
फजिती. माझी रीत पितळी फिल्टरची, कॉलेजातल्या मद्रासी मैत्रिणीने शिकवलेली. अर्क ठिबकू द्यायचा, मग वरून दूध. तरोट्याचं पीठ फुगून चिखल झाला, थेंब उतरेना. फडक्यातून गाळलं तर बुळबुळीत.
शेवटी वहिनीची रीत. दूध, पाणी, साखर, पूड एकत्र उकळायची, वर जायफळ. हिला मी आजवर कॉफीची खीर म्हणत आले. रंग जमला. वास जायफळाने झाकला.
दादा : "फिल्टर काहून नाही?"
"छिद्रं बुजली." हे मात्र खरं.
"डॉक्टरपेक्षा भाऊ मोठा ठरला म्हणायचा!" प्यायले. मग जेवले.

१९ ऑक्टो.
रोज दोन पेले. बी कमी भाजलं तर कच्चट, जास्त भाजलं तर काढा. वहिनीचा हात बसला आहे, माझा नाही.
दादा शेजाऱ्यांना सांगत होते, "डॉक्टरले काय समजते? मी कॉफी पिऊनच बरा होऊन राहिलो." वहिनी तोंडाला पदर लावून मागे अंगणात गेली. मला हसू आलं नाही. कॉफी सोसते असं समजून कुणाकडे खरी प्यायले तर? सांगावं, तर पुन्हा ताट परत.

२ नोव्हें.
दादांना लग्नाचं बोलावणं. तिथे कॉफी असणार. मी नको म्हटलं, कारण दिलं नाही. चिडले, पण गेले नाहीत.

१७ नोव्हें.
अकोला. डॉक्टर खूश. "पथ्य चांगलं पाळलंत. आता सकाळी एक कप हलकी कॉफी चालेल." दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.
परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. रुळांच्या कडेने वाळलेल्या शेंगा. "यंदा तरोटा लय झाला, इंदे." मग बडनेऱ्यापर्यंत डोळे मिटून.

१८ नोव्हें.
फिल्टर चिंचेने घासला. खरी पूड, हलकी उतरवली. पेला स्वतः नेऊन दिला.
एक घोट. पेला खाली.
"अशी काहून झाली? जायफय कुठी गेलं? नेहमीची कर."
वहिनी दारात. चुलीपाशी आल्यावर म्हणाली, "आता तरी सांगता का त्यायले?"
उरलेली मी प्यायले. उत्तम उतरली होती.
जीभ बदलली, की सगळं ठाऊक आहे आणि मला खेळवताहेत? विचारायचं तर आधी मला सांगावं लागेल.
वहिनीने कॉफीचा आणि तरोट्याचा, दोन्ही डबे फळीवर शेजारी ठेवले आहेत. निजायला जाताना विचारलं, "सकाळी कोणता काढू?"
म्हटलं, मी उठेन आधी.