तेजरामची म्हैस आणि आमची सुनीती

बालाघाट, मे १९६८

चि. नंदकिशोर यास आनंदीताईचा आशीर्वाद.

तुझे पोट आता कसे आहे? पुष्पलताला म्हणावे, त्याला ताक दे, दया दाखवू नकोस. इकडे सर्व ठीक. सुनीतीचा खांदा थोडा खरचटला आहे आणि त्याला कारण मी, असे तिचे म्हणणे. पुढे वाच आणि तूच ठरव.

मुलीला जबलपूरला गुरांच्या डॉक्टरीला घाल, असे तू लिहिलेस, तेव्हा सरकारी दवाखाना, दुग्धशाळा, लशींची प्रयोगशाळा, पलटणीतले घोडे अशा इतक्या नोकऱ्या सांगितल्या होत्यास, की एवढे योग ज्योतिषीसुद्धा सांगत नाही. तुझ्या भरवशावर पाठवली. आता शेवटचे वर्ष उरले आणि वारासिवनीच्या राईसमिलवाल्या खेमराजजींनी मुलासाठी तिला मागणी घातली. मुलगा चांगला, अट एकच: ढोरांची डॉक्टरीण सून नको, शिक्षण इथेच थांबवा. सुनीतीने जेवण सोडले. (मी जेवले. घरात कोणीतरी विचार करायला हवा, आणि हे गेल्यापासून तो मलाच करावा लागतो.) होकार कळवायचे मी जवळजवळ ठरवले होते.

तेवढ्यात शेजारच्या तेजरामच्या म्हशीच्या कासेला गळू झाले. ही म्हैस त्याच्या बायकोशिवाय, दुर्गाबाईशिवाय, कोणाला जवळ येऊ देत नाही, आणि दुर्गाबाई लेकीच्या बाळंतपणाला कटंगीला गेलेली. अशा वेळी तेजराम बायकोचे लुगडे नेसून दूध काढतो. (मिशा तशाच.) म्हैस फसते. गळू फोडायला सुट्टीत घरी आलेली सुनीती तयार झाली, म्हणून तेच लुगडे त्याने आदल्या संध्याकाळी तिच्यासाठी आणून दिले. आता शेणाने माखलेले लुगडे मी मुलीच्या अंगाला लागू देईन का? सोड्यात उकळले, निळीतून काढले, कांजी केली. सकाळी सुनीती ते नेसून गोठ्यात शिरली आणि दुसऱ्या क्षणी गव्हाणीत पडलेली दिसली.

तेजराम कपाळाला हात लावून म्हणाला, “बाई, धुतलं काहून? थे तं वासानं वळखते ना!” मी त्याला स्वच्छतेवर चार शब्द ऐकवले. त्याने ऐकून घेतले, म्हशीने नाही.

मला वाटले, आता पोरगी रडेल आणि वारासिवनीचा प्रश्न आपोआप सुटेल. ती उठली, केसांतला कडबा झटकला आणि म्हणाली, “काका, काकूची गोधडी हाय का घरी?”

“हौ, हाय ना. पन या उन्हात?”

भर मे महिन्यात गोधडी डोक्यावरून घेऊन, “हो माय, हो माय” करत ती म्हशीपाशी बसली. म्हशीने मान वळवून हुंगले आणि रवंथ सुरू केले. सुनीतीने गळू फोडले, पू काढला, औषध भरले. गोधडीतून बाहेर आली ती घामाने निथळत, खांद्यातून रक्त येत होते आणि ती हसत होती. नागपूरला मी बी.ए. झाले, तेव्हा आपल्या आईला मी अशीच दिसले असेन का रे?

उपकार मानायची मला सवय नाही, म्हणून एकदाच लिहिते: तू म्हणत होतास तेच बरोबर होते. हे वाक्य हवे तर दोनदा वाच, पुन्हा लिहिणार नाही.

तुझी,
आनंदीताई

ता.क. वारासिवनीला नकार कळवला. सुनीती परत जबलपूरला जाईल.

आणखी ता.क. नकाराचे कारण ‘मुलीच्या मामांना पसंत नाही’ असे लिहिले आहे. (मी खोटे बोलत नाही, तुला पसंत नसणारच.) खेमराजजी तुझी समजूत घालायला नागपूरला येत आहेत. त्यांच्यासमोर चांगला रागव. चहा दे, पण चिवडा देऊ नकोस. समोरचा खायला लागला की तू विरघळतोस. रागावणे जमत नसेल तर पुष्पलताला पुढे कर आणि तू स्वयंपाकघरात बस.