दारातली छत्रीवाली गाडी

७ ऑगस्ट २००७
अपूर्वा आली. तोंडाला ओढणी बांधून, एसटीनं! मालिकेचं शूटिंग अर्धं टाकून सरळ घरी. "आई, मी इथं आहे हे कुणाला सांगू नकोस. मला नुसतं झोपू दे." दार लावून घेतलं. तिचं लग्न मोडल्यापासून कॅमेरे तिची पाठ सोडत नाहीत.
आठ महिन्यांनी लेक घरात आहे. आनंद व्हायला हवा होता.

८ ऑगस्ट
फाटकाशी चॅनेलची गाडी, टपावर डिशची मोठी छत्री. माइकवाल्या बाईला म्हणाले, "अपूर्वा इथं नाही." साफ खोटं बोलले — आणि काहीच वाटलं नाही.

९ ऑगस्ट
अनेकांत आला होता, माझा पुतण्या. कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. म्हणाला, "काकू, एक तुरुंग असा कल्पिलाय, की मधल्या मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही ते कैद्याला दिसतच नाही. मग तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो."
हे मला शिकवतोय! आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर डोरोथींच्या दाराला काच होती, आतून पडदा. त्या जाग्या आहेत की नाहीत, कधी कळलं नाही. आम्ही चाळीस मुली हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपायचो. बिचाऱ्या सिस्टर! कुणाला ताप आला की तिच्या कपाळावर हात ठेवून बसायच्या.
अपूर्वा पडदा ओढलेल्या खोलीतही पाठ ताठ ठेवून बसते.

१० ऑगस्ट
तीन दिवस पोटात अन्न नाही. आज रात्री साडेआठला आतून आवाज — "आई, भूक लागलीय. आमटी-भात कर ना." चातुर्मास चालू. या घरात दिवस मावळल्यावर कधी गॅस पेटलेला नाही. पेटवला. दोनदा भात घेतला तिनं. भिंतीकडे तोंड करून जेवली.

११ ऑगस्ट
शेजारच्या तानाबाई टीव्हीवर! नवी साडी नेसून. "व्हय की पावणं! जैनाचं घर हाय ते. दिवस बुडला की चूल बंद. आन् काल रात्री कुकरची शिट्टी! लेक आल्याबिगर वाजंल व्हय?"
दुपारपर्यंत गाड्या पाच झाल्या. तानाबाई फाटकातूनच ओरडल्या, "वैनी, मी वाईट काय बोल्ले न्हाय हां! तुमचं सोवळंच सांगितलं की!"
राग यायला हवा. येत नाही.

१२ ऑगस्ट
अपूर्वानं बोटभर पडदा सारला. तेवढ्यात कॅमेऱ्यांनी टिपलं. दिवसभर तेच दाखवताहेत. डोळे खोल गेलेत, ओठ फुटलेत. पाच दिवस माझ्या घरात आहे, पण तिचा चेहरा मी आज नीट बघितला. टीव्हीवर.

१३ ऑगस्ट
चॅनेलला दुसरी कसली तरी बातमी मिळाली. दहाच्या आत सगळ्या गाड्या गेल्या.
अपूर्वा खोलीबाहेर आली. "गेले?" दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत. "आता राहा महिनाभर," म्हटलं. ऐकलंच नाही.

१४ ऑगस्ट
तिनंच चॅनेलला फोन लावला. उद्या चारला मुलाखत, आमच्याच सोफ्यावर. "आईसुद्धा बोलेल," म्हणाली त्यांना. मग माझ्याकडे बघितलं — "बोलशील ना?"
हो म्हटलं. तेवढंच शेजारी बसायला मिळेल.