कवटीतली तार

३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त होताना सोडून गेलात ती देवमाशाची कवटी अजून संग्रहालयाच्या सात नंबरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर आहे. दातांऐवजी तोंडातल्या झालरीने पाणी गाळून खाणारा, केव्हाच नामशेष झालेला हा प्राणी. त्याचं कूळ ठरतं ते वरच्या जबड्याच्या हाडाच्या मागच्या टोकावरून. ते कपाळात निमुळतं घुसलं तर एक कूळ, बोथट थांबलं तर दुसरं. आपल्या कवटीचं डावं टोक तुटलेलं आहे. उजवं निमुळतं, पण कपाळात न घुसता अलीकडेच थांबलेलं, एक्केचाळीस मिलिमीटर. मोजलं मी. त्यावर विभागप्रमुखांनी आजवर कोणालाच माहीत नसलेलं तिसरंच कूळ जाहीर केलं.

आता त्यांच्या शोधनिबंधाच्या एका परीक्षकाने विचारलंय की ते टोक नक्की हाडच आहे का. काल बैठकीत प्रमुख म्हणाले की जुन्या साचेवाल्याने हाड म्हणून प्लास्टर चिकटवलं असेल तर ती संस्थेची फसवणूक आहे, कारण दुरुस्तीची नोंद कुठेच नाही. मी कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक आहे.

तुम्हाला दोनच प्रश्न. टोक तुम्ही केलंत का? केलं असेल तर नोंद का नाही?

तुमची,
मोजपट्टी

९ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी चष्मा पुसला, मग पुन्हा वाचलं, मग संतापलो. तुला क्रम लागतो म्हणून क्रमाने सांगतो.

टोक मीच केलं. प्रदर्शनात मोडकी कवटी बरी दिसत नाही असं सांगणारा तुझा प्रमुखच. तेव्हा तो नवखा होता, मला काका म्हणायचा, आणि मी रंग देत असताना चहाचा कप घेऊन मागे उभा होता. आज मी साचेवाला झालो. होऊ दे. पण फसवणूक हा शब्द मी ऐकून घेणार नाही. कवटीच्या कार्डावर मी स्वतः लिहिलं होतं: उजवं टोक माझं, माशाचं नव्हे.

ते कार्ड हरवलं असेल तर एक्स-रे काढ. माझ्या प्रत्येक दुरुस्तीत तांब्याची तार असते, आकड्यासारखी वाकवलेली. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, दुरुस्ती बघणाऱ्याला दिसू नये, पण शोधणाऱ्याला सापडावी.

आई म्हणते, मोठ्यांच्या तोंडी लागू नकोस, नोकरी अजून कायम झालेली नाही. तिचा निरोप पोचवला. माझा तसा काही निरोप नाही.

तुझा,
बाबा

२० मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मंगळवारी चाकांवरचं एक्स-रे यंत्र खोलीत आणवलं. तार सापडली. आकडा डावीकडे वळलेला, जाडी एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर.

कार्डही सापडलं, म्हणजे कुठे गेलं ते कळलं. पहिल्या वर्षी जुनी कार्डं संगणकावर चढवण्याचं काम माझ्याकडे होतं. तिथल्या तक्त्यात दुरुस्तीसाठी रकानाच नव्हता, म्हणून ती ओळ मी वगळली आणि कार्डं रद्दीच्या पोत्यात भरली. अक्षर तुमचं होतं. ओळखीचं म्हणून नीट वाचलंच नाही. पहिल्या पत्रात मी तुम्हालाच जाब विचारला, तो प्रश्न परत घेते.

प्रमुखांना एक्स-रे दाखवला. त्यांनी तो खणात ठेवायला सांगितलं. परीक्षकाला ते जुनी कागदपत्रं उपलब्ध नाहीत एवढंच कळवणार होते, आणि जाता जाता म्हणाले की पुढच्या महिन्यात मला कायम करायचा विचार आहे. चहाच्या कपाची आठवण करून दिली. त्यांना आठवत नाही म्हणे. बावीस लाख वर्षांपूर्वीचा मासा काय खात होता हे मात्र आठवतं.

त्याच दुपारी मी परीक्षकाला माझं माप मागे घेतल्याचं कळवलं. सोबत एक्स-रे, तुमच्या कार्डावरची ओळ, आणि ते कार्ड मी फेकलं हे. देवमाशाचं कूळ आता अनिश्चित असं लिहावं लागेल. गुरुवारी माझ्या टेबलाची किल्ली मागून घेतली.

ती देण्याआधी नवं कार्ड लिहिलं: उजवं टोक बाबांचं, माशाचं नव्हे, नोंद वगळली ती मुलीने. कवटीला दोऱ्याने बांधलं असतं तर कोणीही काढलं असतं. तुमच्या जुन्या डब्यातली तार वापरली, तुमच्यासारखाच आकडा करून.

आईला सांगा, कोणाच्या तोंडी लागले नाही, फक्त लिहिलं. रविवारी सामान घेऊन येते. लोभ आहे तेवढा राहू द्या, मोजणार नाही.

तुमची,
मोजपट्टी